गांठीचें निदान : एका विवेकाचा इतिहास

पायाला ठेंच लागली, काटा मोडला किंवा तळव्याला गळूं झालें, म्हणजे एकदोन दिवसांत जांघेंत एक दुखरी गांठ हाताला लागते. आपल्याकडील वडील माणसें तिला 'अवधाण' म्हणतात, आणि पायाची जखम बरी झाली कीं तें आपोआप बसेल असें सांगून मोकळीं होतात. या एका शब्दांत एक संपूर्ण निदान सांठविलेलें आहे. ही गांठ स्वतंत्र रोग नव्हे, दुसऱ्या ठिकाणीं चाललेल्या बिघाडाचा तो पडसाद होय, असें हा शब्द सांगतो. मानेवर माळेसारख्या उठणाऱ्या आणि पुढें फुटून वाहणाऱ्या गांठींना त्याच माणसांनीं 'गंडमाळ' असें निराळें नांव दिलें. आणि जी गांठ पिकत नाहीं, बसत नाहीं, नुसती वाढत जाते, तिच्यासाठीं आयुर्वेदानें 'अर्बुद' हा शब्द राखून ठेविला. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांतील अकराव्या अध्यायांत ग्रंथि, अपची, अर्बुद आणि गलगंड या चौघांचा विचार एकत्र केलेला आहे. अर्बुद खोल मूळ धरतें, सावकाश वाढतें आणि पिकत नाहीं, हें त्या ग्रंथकारानें पाहिलें होतें. गांठ हाताला लागणें सोपें. ती कोणत्या जातीची हें ठरविणें कठीण. आणि सर्व परिणाम त्या ठरविण्यावरच अवलंबून, ही जाणीव इतकी जुनी आहे.

महाराष्ट्राच्या स्मरणांत या जाणिवेला एक भीतीची जोडहि मिळालेली आहे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग सुरू झाला आणि 'गांठीचा ताप' हा शब्द घरोघर पोंचला. पुढें आगगाडीच्या स्थानकांवर उतारूंच्या काखा व जांघा चांचपण्यांत येऊं लागल्या. एक बोटभर गांठ हाताला लागली, तर माणसाला कुटुंबांतून उठवून इस्पितळांत नेत. त्यांतील किती गांठी खरोखरच प्लेगच्या होत्या आणि किती साध्या अवधाणाच्या, हा प्रश्न त्या धामधुमींत विचारण्यास सवड कोणाला होती? तो प्लेग गेला. गांठीची भीति मात्र राहिली. आज तिनें घेतलेलें नांव 'लिंफोमा' असें आहे.

गेल्या वर्षीं प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबांतील एका तरुण मुलीच्या मानेंत अशी गांठ आली. ती दुखत नव्हती, आणि दोन महिने झाले तरी बसत नव्हती. शस्त्रवैद्यांनीं ती काढून तपासणीस पाठविली. आठ दिवसांनीं पहिला अहवाल आला, त्यांत निर्णय नव्हता. नुसत्या रूपावरून निश्चित सांगतां येत नाहीं, आणखी कांहीं परीक्षा कराव्या लागतील, एवढेंच त्यांत लिहिलेलें होतें. घरांतील मंडळी हवालदिल झाली. "शास्त्र एवढें पुढें गेलें म्हणतां, आणि एक गांठ ओळखतां येऊं नये?" असें मुलीचे आजोबा पुनःपुन्हां विचारीत. प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे, इतिहासाचा अध्यापक आहे. त्या प्रश्नाचें उत्तर त्यानें आपल्या धंद्याच्या सवयीप्रमाणें इतिहासांत शोधण्यास आरंभ केला. त्या शोधांत जें आढळलें तें येथें वाचकांपुढें ठेवीत आहें.

प्रथम या ग्रंथींचें काम काय, तें थोडक्यांत पाहूं. आपल्या शरीरांत घेवड्याच्या बीच्या आकाराच्या शेंकडों लसिकाग्रंथि आहेत. मान, काख आणि जांघ येथें त्यांचे पुंजके असतात. ऊतींतून झिरपणारा लसिका नांवाचा द्रव परत रक्तांत जाण्यापूर्वीं या ग्रंथींतून गाळला जातो. त्याबरोबर आलेले रोगजंतू येथें ओळखले जातात, आणि त्यांच्याशीं झुंजणाऱ्या पेशी येथें वाढतात. पेशी वाढल्या कीं ग्रंथि फुगते. यालाच प्रतिक्रियात्मक वृद्धि म्हणतात. आपल्या बोलींत, अवधाण. परंतु त्याच पेशींपैकीं एखादी बेबंद झाली आणि कारण नसतांना वाढतच गेली, तरीहि ग्रंथि फुगते. तो लिंफोमा. दोहींतहि वाढणाऱ्या पेशी त्याच कुळांतल्या, दोहींतहि वाढीची जागा तीच. म्हणूनच हा विवेक अवघड.

या विवेकाचा आधुनिक इतिहास लंडन येथें १८३२ सालीं सुरू होतो. तेथील गाय्स हॉस्पिटलांत थॉमस हॉजकिन नांवाचा चौतिशीच्या आंतला एक क्वेकरपंथी वैद्य विकृतिशास्त्र शिकवीत असे, आणि तेथील संग्रहालयहि त्याच्याच ताब्यांत होतें. त्या वर्षाच्या जानेवारींत मेडिकल अँड चिरर्जिकल सोसायटीपुढें त्याचा एक निबंध वाचण्यांत आला. त्यांत सात रोग्यांची हकीकत होती. त्यांतील एक रोगी तर त्यानें रॉबर्ट कार्सवेल यानें काढलेल्या चित्रांवरूनच पाहिला होता. या रोग्यांच्या लसिकाग्रंथि आणि बहुतेकांची प्लीहा वाढलेली होती. तत्कालीन वैद्यांची समजूत अशी, कीं ग्रंथि सुजली म्हणजे जवळपास कोठें तरी दाह असलाच पाहिजे. हॉजकिननें शवें तपासून सांगितलें, कीं असा दाह येथें आढळत नाहीं. रोग या ग्रंथींतच मूळ धरून उठलेला दिसतो. मराठींत सांगावयाचें तर, 'हें अवधाण नव्हे' एवढें एक वाक्य उच्चारण्याचें धैर्य त्यानें केलें. दोन प्रकारच्या वाढींमधील रेघ त्या दिवशीं प्रथम ओढली गेली.

या रेघेसाठीं त्यानें सूक्ष्मदर्शकाचा उपयोग केला नव्हता, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. जोसेफ जॅक्सन लिस्टर याच्यासह त्यानें १८२७ सालीं रक्तकणांविषयीं सूक्ष्मदर्शकानें केलेलीं निरीक्षणें प्रसिद्ध केलीं होतीं. म्हणजे तें यंत्र त्याला अपरिचित नव्हतें. परंतु ग्रंथींच्या बाबतींत त्याचा सर्व आधार उघड्या डोळ्यांवर आणि रोग्याच्या इतिहासावर होता. निबंधाकडे त्या वेळीं फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. १८३७ सालीं रुग्णालयांतील वरची जागाहि त्याला मिळाली नाहीं आणि त्यानें तें रुग्णालय सोडलें. पुढें सॅम्युएल विल्क्स यानें स्वतंत्रपणें तसेच रोगी पाहिले, आपल्या आधीं हॉजकिननें हें वर्णन केलें आहे असें कळतांच तें मोकळ्या मनानें मान्य केलें, आणि १८६५ सालीं त्या रोगाला हॉजकिनचेंच नांव दिलें. दुसऱ्याच वर्षीं हॉजकिन जाफा येथें प्रवासांत मरण पावला.

या कथेला एक पुरवणी आहे. १९२६ सालीं हर्बर्ट फॉक्स यानें हॉजकिनच्या मूळ रोग्यांपैकीं कांहींच्या जपून ठेविलेल्या ऊतींचे पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले. जवळजवळ शंभर वर्षांनंतरहि त्या पेशी वाचतां येत होत्या! पण त्या सातही रोग्यांना एकच रोग नव्हता, हेंहि आतां सर्वमान्य आहे. ज्याच्या नांवानें रोग ओळखला जातो त्या पुरुषाच्या मूळ यादींतहि मिसळ झालेली होती. डोळा कितीहि तीक्ष्ण असला तरी बाह्यरूप एका मर्यादेपलीकडे साक्ष देत नाहीं, याचा याहून बोलका दाखला मिळणें कठीण.

ती मर्यादा ओलांडण्याचें काम जर्मन भाषा बोलणाऱ्या विद्वानांनीं केलें. रुडॉल्फ फिर्चो यानें १८५८ सालच्या आपल्या ग्रंथांत सर्व विकार हे पेशींचे विकार आहेत आणि प्रत्येक पेशी पूर्वींच्या पेशीपासूनच जन्मते, हा सिद्धांत मांडला. १८७१ सालीं व्हिएन्ना येथील शस्त्रवैद्य बिलरोथ यानें 'मारक लिंफोमा' हा शब्द वापरला. १८९३ सालीं कुंड्राट यानें लसिकाग्रंथींच्या एका प्रकारच्या अर्बुदाचें वेगळें वर्णन केलें. मध्यंतरीं १८८२ सालीं रॉबर्ट कॉख यानें क्षयाचा जंतु दाखविला, आणि गंडमाळेचा मोठा भाग क्षयाच्या खात्यांत जमा झाला. एकाच ढिगांतून एकेक जात अशी निवडून बाहेर काढली जात होती. तरीहि ढिगाच्या तळाशीं असलेला मुख्य गुंता सुटला नव्हता : क्षय नाहीं, हॉजकिनचा रोग नाहीं, केवळ लहान-मोठ्या लसिकापेशींची गर्दी आहे; ती सौम्य कीं मारक?

येथें वाल्थर फ्लेमिंग याचें नांव घेतलें पाहिजे. पेशी दुभंगतांना तिच्यांतील गुणसूत्रांची हालचाल कशी होते हें दाखविणारा तो हाच. १८८५ सालीं त्यानें लसिकाग्रंथींतील गोल पुटकांच्या मध्यभागीं पेशी सतत दुभंगत असतात असें पाहिलें, आणि त्या जागेला 'बीजकेंद्र' असें नांव दिलें. त्याच जागीं त्याला आणखी एक चमत्कारिक वस्तु दिसली. मोठ्या फिकट पेशींच्या पोटांत गडद रंग घेणारे कांहीं बारीक कण होते. ते काय असावेत याचा उलगडा त्या काळीं झाला नाहीं. मरणाऱ्या पेशींचे ते अवशेष आहेत आणि त्या मोठ्या पेशी त्यांना गिळून जागा साफ करीत असतात, हें पुढें कळलें. जन्म आणि मरण यांची इतकी दाट वस्ती निरोगी शरीरांत फार थोड्या ठिकाणीं आढळते. या कणांना वाचकांनीं लक्षांत ठेवावें. त्यांचा अर्थ लागण्यास शंभर वर्षें जावीं लागलीं.

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यांत झालेली चूक आतां पाहूं. १९२५ सालीं न्यूयॉर्क येथील ब्रिल, बेअर आणि रोझेन्थल या तिघांनीं एका नव्या विकाराचें वर्णन केलें. रोग्याच्या अंगभर ग्रंथि फुगलेल्या, प्लीहा वाढलेली, आणि आंत पाहावें तों बीजकेंद्रांसारखींच पण प्रचंड आकाराचीं पुटकें. त्यांनीं नांव दिलें तें 'महापुटकांची अतिवृद्धि' अशा अर्थाचें. 'अतिवृद्धि' हा शब्द सौम्य. कर्करोगाचा त्यांत उच्चार नाहीं. क्ष-किरणांनीं गांठी विरघळत, रोगी वर्षानुवर्षें हिंडतफिरत असे. दोन वर्षांनीं डग्लस सिमर्स यानेंहि या विकाराला ग्रंथिवृद्धीचेंच नांव दिलें. परंतु रोगी जसजसे वर्षानुवर्षें नजरेखालीं राहिले, तसतशी दुसरी बाजू दिसूं लागली. गांठी परत येत. कांहींना पुढें उग्र अर्बुद होऊन मृत्यु येई. १९३८ सालीं हें रूपांतर स्वतः सिमर्स यानेंच नोंदविलें. आपल्याच पूर्वींच्या मताला मुरड घालणारा हा प्रामाणिकपणा शास्त्राच्या इतिहासांत मोलाचा मानला पाहिजे.

या प्रकरणाचा निकाल १९५६ सालीं हेन्री रॅपापोर्ट आणि त्याचे दोन सहकारी यांनीं लाविला. अमेरिकन सैन्याच्या वॉशिंग्टन येथील विकृतिशास्त्रसंस्थेंत जमलेल्या २५३ रोग्यांच्या ऊती तपासून, महापुटकांचा हा विकार म्हणजे आरंभापासूनच लिंफोमा होय, आणि त्याला साध्या प्रतिक्रियेपासून वेगळें ओळखतां येतें, असें त्यांनीं दाखविलें. ओळखण्याचीं चिन्हें ऐकून सामान्य माणूस चकित होईल. साध्या प्रतिक्रियेंत पुटकें लहानमोठीं, वेडींवांकडीं असतात, पण त्यांच्यामध्यें मोकळी जागा असते. प्रत्येकाभोंवतीं लहान पेशींचें स्पष्ट कडें असतें. मध्यभागाची एक बाजू गडद व दुसरी फिकट असते. पेशींचे अनेक प्रकार मिसळलेले असतात. पेशी भराभर दुभंगत असतात, आणि फ्लेमिंगनें पाहिलेले ते मृत कण विखुरलेले असतात. लिंफोमांत याच्या उलट. पुटकें एकमेकांना चिकटून, सर्व साधारण एका मापाचीं. कडें विरळ किंवा नाहींसें. पेशी सगळ्या एका सांच्याच्या. दुभंगणें कमी, आणि मृत कण जवळजवळ नाहींतच. म्हणजे जेथें धांदल आणि नासधूस दिसते, तें सौम्य. जेथें शांतता आणि एकसारखेपणा दिसतो, तेथें संशय. उग्र जातीचे कांहीं लिंफोमा याला अपवाद आहेत. त्यांच्यांत धांदलहि असते आणि मृत कणहि असतात. परंतु महापुटकांच्या विकाराच्या बाबतींत सुमारें तीस वर्षें माणसें फसलीं तीं या शांततेनेंच.

चूक केवळ एकाच बाजूनें झाली असें मात्र नव्हे. १९२० सालीं बाल्टिमोर येथील स्प्रंट आणि इव्हान्स यांनीं कांहीं तरुणांची हकीकत प्रसिद्ध केली. ताप, घसा, मानेच्या गांठी आणि रक्तांत विचित्र मोठ्या पेशी. रक्ताच्या कर्करोगाची आठवण करून देणारें हें चित्र. आणि रोगी मात्र आपोआप बरे झालेले! त्यांनीं त्या संसर्गजन्य विकाराला वेगळें नांव दिलें, आणि एपस्टाइन व बार यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेला विषाणु त्याच्या मुळाशीं आहे हें पुढें १९६८ च्या सुमारास सिद्ध झालें. दुसरें उदाहरण अधिकच उद्बोधक आहे. १९३८ पासून अपस्मारावर फेनिटॉइन नांवाचें औषध वापरांत आलें. १९५९ सालीं साल्ट्स्टाइन आणि ॲकरमन यांनीं दाखवून दिलें, कीं अशा प्रकारचीं औषधें घेणाऱ्या कांहीं रोग्यांच्या ग्रंथि इतक्या व अशा तऱ्हेनें वाढतात, कीं सूक्ष्मदर्शकाखालीं देखील लिंफोमाच वाटावा. औषध बंद केलें कीं गांठी बसतात. रोग्याला 'तुम्ही कोणतें औषध घेतां?' एवढा एक प्रश्न विचारावयाचा राहिला, तर निर्दोष माणूस दोषी ठरावा, अशी ही स्थिति.

आणि दोषी ठरण्याची किंमत आतां वाढली होती. १९४२ सालीं अमेरिकेंतील येल विद्यापीठांत, युद्धांतील विषारी वायूच्या वर्गांतील नायट्रोजन मस्टर्ड हें द्रव्य लिंफोमाच्या रोग्याला प्रथम देण्यांत आलें, आणि रासायनिक उपचारांचें युग उघडलें. ज्या काळीं उपचारच नव्हता, त्या काळीं निदान हा बहुतांशीं नामकरणाचा प्रश्न होता. विष हेंच औषध झाल्यावर चुकीचें निदान म्हणजे निरोगी मुलाला विष पाजणें, आणि उलट चूक म्हणजे वेळेवर मिळूं शकणारें जीवदान हिरावून घेणें, असा अर्थ झाला.

रूपावरून होणारा हा निवाडा अपुरा पडतो, तेव्हां दुसरा कोणता पुरावा? तो अनपेक्षित ठिकाणाहून आला. पादुआ येथील जुना शारीरशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यानें कोंबडीच्या गुदद्वाराजवळ एक लहानशी थैली असते असें वर्णन करून ठेविलें होतें. तिचा उपयोग कोणासच ठाऊक नव्हता. १९५० नंतरच्या दशकांत ओहायो स्टेट विद्यापीठांतील ब्रूस ग्लिक हा तरुण ही थैली कापून काय होतें तें पाहत होता. त्याच्या टिमोथी चँग नांवाच्या सहाध्यायाला वर्गांत प्रतिपिंडांची निर्मिति दाखविण्यासाठीं कोंबड्या हव्या होत्या. त्यानें ग्लिकच्या थैली कापलेल्या कोंबड्या नेल्या, आणि त्यांच्या अंगीं प्रतिपिंडें तयारच होईनात! वर्गांतील प्रयोग फसला, आणि एक मोठा शोध लागला. त्यांचा निबंध एका नामांकित नियतकालिकानें नाकारल्यावर १९५६ सालीं कुक्कुटपालनाच्या एका मासिकांत प्रसिद्ध झाला. १९६५ च्या सुमारास मॅक्स कूपर आणि त्याचे सहकारी यांनीं त्यावरून लसिकापेशींचीं दोन घराणीं असल्याचें दाखविलें. थैलीला लॅटिनांत 'बर्सा' म्हणतात. म्हणून प्रतिपिंडें करणाऱ्या घराण्याला 'बी पेशी' हें नांव पडलें. माणसाला ती थैली नाहीं, त्याच्या बी पेशी अस्थिमज्जेंत जन्मतात. पण नांव कोंबडीचेंच राहिलें. बीजकेंद्रांत दुभंगणाऱ्या पेशी त्या याच, आणि बहुसंख्य लिंफोमाहि याच घराण्यांतले.

आतां प्रश्नाचें स्वरूपच पालटलें. प्रत्येक बी पेशी आयुष्यभर एकाच नमुन्याचें प्रतिपिंड करते, आणि त्याची लहान सांखळी कॅपा किंवा लॅम्डा या दोहोंपैकीं एकाच जातीची असते. मनुष्यांत कॅपा वापरणाऱ्या पेशी लॅम्डा वापरणाऱ्यांच्या सुमारें दुप्पट. साध्या प्रतिक्रियेंतली गर्दी आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटांत जमलेल्या वारकऱ्यांसारखी असते. गांवोगांवच्या दिंड्या, निरनिराळे चेहरे, आणि वारी संपली कीं ज्यानें त्यानें आपल्या गांवीं जावयाचें. म्हणून तेथें दोन्ही सांखळ्या त्या प्रमाणांत सांपडतात. लिंफोमा म्हणजे एकाच पेशीची संतति. तेथें सर्वांची सांखळी एकच. ओळखण्याची कसोटी 'गर्दी कशी दिसते' ही राहिली नाहीं. 'गर्दी कोणाकोणाची आहे' ही झाली. १९७७ सालीं रोनाल्ड लेव्ही, वॉर्नके आदि संशोधकांनीं बी पेशींच्या लिंफोमाचें हें एकवंशीयत्व या सांखळ्यांवरून दाखविलें. १९७५ सालीं केंब्रिज येथें कोलर व मिल्स्टाइन यांनीं एकाच नमुन्याचीं प्रतिपिंडें हवीं तितकीं तयार करण्याची युक्ति शोधून काढली होती. त्यामुळें अशा परीक्षा रुग्णालयांच्या आटोक्यांत आल्या. १९८३ सालीं वंशाची ही ओळख थेट जनुकांच्या मांडणीवरूनहि पटवितां येऊं लागली, कारण प्रत्येक बी पेशी आपल्या प्रतिपिंडाचें जनुक स्वतःपुरतें नव्यानें जुळवीत असते, हें तोनेगावा यानें १९७६ सालीं दाखवून दिलें होतें.

आतां फ्लेमिंगच्या त्या कणांकडे वळूं. महापुटकांच्या लिंफोमांत चौदाव्या आणि अठराव्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेले असतात, हें १९७९ सालच्या सुमारास दिसून आलें. फिलाडेल्फिया येथील त्सुजिमोतो आणि क्रोचे यांनीं १९८४-८५ सालीं त्या सांध्यावरील जनुक शोधून काढलें व त्याला 'बीसीएल-२' म्हटलें. इतर कर्करोगजनुकांप्रमाणें तें पेशींना वाढीची चालना देत असेल अशी अपेक्षा होती. १९८८ सालीं मेलबर्न येथील डेव्हिड व्हॉ आणि त्याचे सहकारी यांनीं दाखविलें, कीं तें वाढवीत नाहीं, मरूं देत नाहीं! निरोगी बीजकेंद्रांतील पेशींमध्यें हें द्रव्य मिटलेलें असतें. म्हणून ज्या पेशींचें प्रतिपिंड कामाचें ठरत नाहीं त्या तेथेंच मरतात, आणि त्यांचे अवशेष म्हणजेच फ्लेमिंगचे कण. लिंफोमांत तें द्रव्य भरपूर असतें. टाकाऊ पेशी मरत नाहींत, त्यांची संख्या सांचत जाते, कण दिसत नाहींत, आणि म्हणून ती फसवी शांतता. आज या द्रव्याचा रंग पुटकाच्या मध्यभागीं उठला तर लिंफोमाकडे बोट दाखविलें जातें. न उठला तर बहुधा साधी प्रतिक्रिया. जें मरणाचें चिन्ह तेंच आरोग्याचें लक्षण, आणि जें न मरणें तोच रोग, असा हा शंभर वर्षांनीं लागलेला अर्थ आहे.

येथें ही कथा संपली असती तर आजोबांचा प्रश्न रास्तच ठरला असता. परंतु या नव्या साक्षीदारांनाहि आपापल्या मर्यादा आहेत, हें पुढील वर्षांनीं शिकविलें. महापुटकांच्या लिंफोमांपैकीं कांहींत बीसीएल-२ आढळतच नाहीं. उलट पुटकाभोंवतालच्या निरोगी पेशींत तें नेहमींच असतें, म्हणून रंग कोठें उठला हें रचनेवरूनच ठरवावें लागतें. चौदाव्या व अठराव्या गुणसूत्रांची ती अदलाबदल असलेल्या थोड्या पेशी पूर्ण निरोगी माणसांच्या रक्तांतहि सांपडतात, आणि त्यांतील बहुतेकांना लिंफोमा कधींच होत नाहीं. एकाच सांखळीच्या पेशींचे लहान समूह कधीं कधीं साध्या प्रतिक्रियेंतहि आढळतात, विशेषतः तरुणांत. वंश एक असला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असें नव्हे. रूप, वंश, जनुक, रोग्याचें वय, त्याचें औषध, त्याचा ताप, गांठीचा काळ, या सर्वांच्या साक्षी एकमेकींशीं ताडूनच निवाडा द्यावा लागतो. आणि त्या जुळल्या नाहींत तर 'अजून ठरत नाहीं' असें लिहिणें हेंच न्यायाचें.

आपल्याकडे या विवेकाला आणखी एक अडचण आहे. मुंबईस टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ सालीं उघडलें आणि तेथें वसंत रामजी खानोलकर यांच्यासारख्या विद्वानानें विकृतिशास्त्राची शिस्त घालून दिली. तरी गांवोगांवीं मानेंतील गांठ म्हणजे क्षय, हें समीकरण सोपें वाटतें, कारण तें पुष्कळदां खरेंहि असतें. जेथें तें खरें नसतें, तेथें क्षयाच्या औषधांत महिने जातात आणि लिंफोमा वाढत राहतो. घसा दुखून आलेली मऊ, हलणारी, दुखरी गांठ कांहीं आठवड्यांत बसते. तिच्यासाठीं घाबरण्याचें कारण नाहीं. पण जी टणक आहे, चार-सहा आठवड्यांनींहि कमी होत नाहीं किंवा वाढत आहे, जिच्याबरोबर ताप, रात्रीचा घाम किंवा वजनाची घट आहे, किंवा जी गळपट्टीच्या हाडावर उठली आहे, तिचा तुकडा तपासलाच पाहिजे. सुईनें ओढलेले चार थेंब पुष्कळदां पुरे पडत नाहींत. कारण वर सांगितलेलीं पुटकें, त्यांचीं कडीं आणि त्यांच्यामधील अंतरें सुईंत येत नाहींत. शस्त्रवैद्य सबंध गांठ काढण्याचा आग्रह धरतात तेव्हां ते निष्कारण कापाकापी करीत आहेत असें घरच्यांनीं समजूं नये. रॅपापोर्टनें शिकविलेला धडाच ते पाळीत असतात.

आमच्या घरचा दुसरा अहवाल आणखी नऊ दिवसांनीं आला. दोन्ही सांखळ्या योग्य प्रमाणांत होत्या, बीसीएल-२ चा रंग पुटकांच्या मध्यभागीं उठला नव्हता, आणि अहवालाच्या शेवटीं 'प्रतिक्रियात्मक वृद्धि' असे दोन शब्द होते. आजोबांनीं तो कागद दोनदां वाचला व विचारलें, "म्हणजे अवधाणच कीं!" होय, अवधाणच. पण तें अवधाण आहे असें सांगणाऱ्या अनामिक वैद्यानें आधीं 'मला अजून ठरवितां येत नाहीं' असें लिहिलें होतें, आणि त्या एका वाक्यासाठीं आम्हीं सतरा दिवसांतील निम्मे दिवस त्याला दोष दिला होता. हॉजकिनपासून सिमर्सपर्यंतचा हा इतिहास वाचल्यावर असें वाटतें, कीं सगळ्या अहवालांत आभार मानण्यासारखें वाक्य तें पहिलेंच होतें.